सहाव्या डावापासूनचा अबोला

हार्टसेल, नेब्रास्का
१२ ऑक्टोबर १९७८

प्रिय वर्ना आत्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पोचल्या. (एक वाटेतच फुटली. पोस्टमन अजून माझ्याकडे रागाने बघतो.) तुझे गुडघे, तुझं मांजर आणि चर्चच्या गायनमंडळातल्या त्या बाईशी चाललेलं तुझं युद्ध, तिन्हींची खुशाली कळव. माझ्या प्रकृतीची तू फार मायेने चौकशी केलीस. पोट कसं आहे, झोप लागते का, अक्कलदाढ काढली का, टाचेवरचा फोड बसला का. पत्र मी तीनदा वाचलं. डोक्यातल्या कोंड्यापासून टाचेपर्यंत तू माझा कण न् कण विचारलास, फक्त उजवा हात तेवढा गाळलास. म्हणजे बाबांनी तुलाही फोन करून बजावलंय तर! बरं झालं, निदान तुझ्याशी तरी ते हाताविषयी बोलले.

तुला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तुला लिहितोय. ज्यांना कळतं त्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. सुरुवात तुला माहीतच आहे. क्लबसाठी पोरं शोधत हिंडणारा तो टोपीवाला माणूस बाबांच्या सलूनमध्ये आला, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. बाबांनी आनंदाच्या भरात त्याचे केस एका बाजूने जास्तच कापले, तरी त्याने मला घेतलं. पेपरात माझा फोटो आला, खाली छापलं होतं की दोन वर्षांत लाइल डॉबलर वरच्या लीगमध्ये दिसेल. (फोटो माझा नव्हता, आमच्या कॅचरचा होता. तो बिचारा आता विमा विकतो.) पहिल्या वर्षी माझे चेंडू सगळ्यांनी झोडपले. दुसऱ्या वर्षी खालच्या संघात ढकललं, तिसऱ्या वर्षी वर घेतलं, जूनमध्ये खाली, जुलैत पुन्हा वर. आयोवातल्या केलर्सबर्गच्या घरमालकिणीने शेवटी माझी चादर बदलणंच सोडून दिलं. पण त्या उन्हाळ्यात, शहात्तर साली, माझा चेंडू खरंच कुणाला दिसत नव्हता गं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आता बढाई मारून काय मिळणार आहे?

आता नीट ऐक. सामन्याच्या नऊही डावांत समोरच्या एकालाही धड फटका मारू दिला नाही, तर पिचरच्या, म्हणजे माझ्यासारख्या चेंडू टाकणाऱ्याच्या, जन्माचं सार्थक होतं. आणि असं काही घडत असताना त्या पिचरशी एक अक्षर बोलायचं नाही, त्याच्याशेजारी बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असा आमच्यात कडक रिवाज आहे. बोललं की बिघडलं. मोठमोठी बाप्ये माणसं, बायकापोरांची, हे पाळतात. मीही पाळलंय. एकदा आमच्यातल्या एकाची अशीच वेळ चालली होती, त्याच्या बाकाखालून साप गेला, तरी मी तोंड उघडलं नव्हतं. (बिनविषारी होता. पण ते मला नंतर कळलं.)

त्या दिवशी माझी वेळ आली. पाच डाव झाले, एकही फटका नाही. तिसऱ्या डावात एक सरपटी चेंडू आमच्या क्लेटन बीस्लीच्या हातमोज्याला लागून निसटला होता, पण ती बीस्लीची चूक धरली गेली. चूक म्हणजे फटका नव्हे, त्यामुळे माझी पाटी कोरी. बाबा पाच तास गाडी हाकून आले होते आणि आमच्या बाकाच्या बरोबर वर, दुसऱ्या रांगेत बसले होते. सहाव्या डावातला शेवटचा चेंडू टाकला आणि कोपरात ओली फांदी मोडल्यासारखं झालं. आवाज मला ऐकू आला. करंगळी बधिर झाली. मी बाकाकडे आलो तर सगळा संघ उठून दुसऱ्या टोकाला सरकला, कोंबड्या सरकतात तसा. मी आमचे मॅनेजर स्टॉडर्ड यांच्याकडे गेलो, म्हटलं, साहेब, कोपर. त्यांनी पाठ फिरवली आणि पाणी प्यायला गेले. मी मागोमाग गेलो. ते परत आले. मी परत आलो. तो माणूस त्या डावात अकरा पेले पाणी प्यायला असेल, आत्या! मालिशवाला मला बघून संडासात शिरला आणि आतून कडी लावली. मी दारावर धपाधपा मारलं. आतून आवाज आला, "इथं कोणी नाही!" बीस्लीने तर डोक्यावरून टॉवेल घेतला आणि ओरडला, "गप रे बाबा, पाया पडतो तुझ्या, माझ्यामुळे नको!"

मग मी वर बाबांकडे बघितलं. डाव्या हाताने उजवं कोपर धरून दाखवलं. तोंड वेडंवाकडं केलं. आत्या, सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असतानाही ज्यांची जीभ थांबत नाही, त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, माझ्या कोपराकडे बघितलं, आणि मग बाबा आभाळाकडे बघायला लागले. आभाळात काहीही नव्हतं.

खरं सांगायचं तर मीसुद्धा खाली बसून राहू शकलो असतो. मैदानात जायचंच नाही म्हटलं असतं तर मला कुणी उचलून नेलं नसतं. पण मलाही ते हवं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तूही मनात ठेव. सातवा, आठवा, नववा डाव मी त्याच हाताने टाकला. चेंडूत जोर उरलाच नव्हता, आणि समोरचे बापडे माझ्या वेगाच्या धास्तीने आधीच बॅट फिरवून मोकळे होत होते. हात शाबूत असताना मी इतका चांगला कधी खेळलो नाही. शेवटचा गडी बाद झाला आणि अठ्ठावीस माणसांना एकदम वाचा फुटली. बर्फाची बादली माझ्या डोक्यावर ओतली. मी ओरडत होतो, माझा हात गेला! सगळे हसत होते. स्टॉडर्ड म्हणाले, "जाऊ दे की, नवीन घेऊ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बीस्ली गुणलेखकाच्या घरी गेला. (गुणलेखक म्हणजे तिथल्या शाळेतले भूमितीचे मास्तर, फार न्यायी माणूस.) वरच्या संघाचा माणूस त्या आठवड्यात येणार होता आणि बीस्लीच्या नावावर चुका फार झाल्या होत्या. त्याने सांगितलं की चेंडू खड्यावर आपटून उडाला, माझा काय दोष? नियमाने खड्यावर उडालेला चेंडू म्हणजे फटका. पुरावा म्हणून त्याने काडेपेटीत घालून खडा नेला होता. मास्तरांनी खडा बघितला आणि चूक खोडून फटका लिहिला. झालं, माझ्या कोऱ्या पाटीवर फटका पडला. पेपरात दुरुस्ती आली, दोन ओळी, मक्याच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली. पुढच्या गुरुवारी बीस्ली वरच्या संघात गेला. जाताना मला मिठी मारली, नेमकी उजव्या बाजूने.

पुढचं थोडक्यात सांगतो. कोपर कापलं, शिवलं, एक आख्खं वर्ष रबराचा चेंडू दाबण्यात गेलं. यंदा पुन्हा उभा राहिलो. वेग मोजणाऱ्या यंत्रावर आकडा आला तेव्हा स्टॉडर्डनी यंत्रच झटकून बघितलं. यंत्र चांगलं होतं. ऑगस्टमध्ये मला नारळ मिळाला.

तेव्हापासून मी सलूनच्या माडीवर राहतोय. दोन वर्षं बाबा फोनवर फक्त हवामान सांगायचे. आता एकाच खिडकीतून दोघांनाही हवामान दिसतं, त्यामुळे तेही संपलं. खाली त्यांची बडबड अखंड चालू असते, जिन्यावर माझं पाऊल वाजलं की सलून गप्प, गिऱ्हाइकंसुद्धा आरशात बघत बसतात. जेवताना बटाटे माझ्याकडे सरकवतात आणि छताकडे बघतात. आई असती तर तिने दोघांच्याही कानाखाली वाजवली असती. असो. माझं उत्तम चाललंय, मी मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा,
लाइल

ता. क. मला काहीही नकोय. मुरंबासुद्धा नको. सोमवारपासून अंडी उबवणी केंद्रात पिल्लं निवडायला जातोय. ते काम डाव्या हाताने होतं.

ता. क. २. थापा पुरे. आत्या, बाबा तुझे धाकटे भाऊ आहेत आणि जगात फक्त तुला घाबरतात. रविवारी ये, नाहीतर फोन कर, आणि त्यांना दरडावून एवढंच सांग: एमेट, खेळ केव्हाच संपलाय, आता पोराशी बोललं तरी चालतं.

ता. क. ३. मी लिहिलंय हे सांगू नकोस. त्यांनी माफी वगैरे मागायला सुरुवात केली तर मध्येच तोड, मला ते बघवणार नाही. त्यांनी फक्त एकदा विचारावं, दुखतं का रे? उत्तर मी दोन वर्षं तयार ठेवलंय. नाही बाबा, अजिबात नाही.