बेटावर गाळलेलं एक नाव

गुदैबिया, बहरीन
१४ मार्च १९८१

प्रिय इलायस,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. तुम्ही सगळेही बरे असाल, असं धरून चालते. आईंचा गुडघा कसा आहे?

काल सुट्टी होती म्हणून चर्चमधली आम्ही दहाबारा जणं मुहर्रकच्या बाजूला एका लहानशा बेटावर गेलो. ओहोटीला घोटाभर पाण्यातून चालत जाता येतं. फार जुन्या काळी तिथे ख्रिस्ती लोकांचा मठ होता म्हणे. आता नुसते दगड आहेत. तिथेच गुडघे टेकून आम्ही घरच्यांसाठी प्रार्थना केली.

भरती लागली तरी मी उठेना. आल्बर्ट ओरडला, "व्हेरॉनिकाबाय, यल्ला, चल आता! अख्ख्या वसईची नावं घेतेस काय?"

सगळे हसले. खरं तर मी एकच नाव गाळत होते आणि तेच पुन्हा पुन्हा तोंडात येत होतं. शेजारच्या मेबलचं.

ती आपल्या रीटाची वेणी घालते, तिला शाळेत सोडते, हे तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता. तिचे उपकार आहेतच. पण नाताळच्या फोटोत रीटा तिला टेकून उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. इथल्या एका नर्सने विचारलं, "ही तुझी बहीण का?" मी हो म्हटलं.

मे महिन्यात रीटाचं पहिलं कम्युनियन. मला रजा नाही. सुट्टीवर निघालेल्या निकोलसबरोबर तिच्या डोक्यावर लावायला पांढऱ्या जाळीचा व्हेल पाठवते आहे. तो मेबलने लावायचा नाही. तुम्ही लावा. वाकडा बसला तरी चालेल.

रीटाचा पापा घ्या.

तुमचीच,
व्हेरॉनिका