ब्राउन पेपर घातलेला सोनाटा

बाई,

तुमच्या भाच्याने परवा तुमचं सोनाटाचं पुस्तक, पियानोवरच्या त्या लांबलचक रचनेची छापील स्वरलिपी, पोस्टाने पाठवलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तेवढी वर्षं ते त्याच्या गॅरेजमध्ये खोक्यात पडून होतं. त्यावर माझं नाव दिसलं म्हणून पाठवतोय, असं त्याने चिठ्ठीत लिहिलंय. नाव असणारच. कव्हर मी घातलं होतं, आणि आमच्याकडे कव्हर घातलं की लेबल लावून नाव घालायचं, मग पुस्तक कोणाचं का असेना. तोंडावर मी तुम्हाला ‘मिस’ म्हणायचे, घरी मात्र तुम्ही ‘पियानोच्या बाई’ होतात. मराठीतलं अक्षरही तुम्हाला कळत नसे, त्यामुळे इथे मोकळेपणाने लिहिता येतंय.

पुण्याहून आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुमच्या पुढच्या खोलीत पियानोने एवढी जागा अडवली होती की खिडकीकडे जायचं तर अंग चोरून जावं लागे. स्वतःबद्दल तुम्ही थोडं थोडं सांगायचात, तेही माझं काही चुकलं की. जर्मनीतलं लहानसं गाव, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे वडील, सोळाव्या वर्षी पहिली मैफल, मग शहरामागून शहरं. आणि एकदा भरल्या सभागृहात, सोनाटाच्या मध्यावर, पुढचं काही म्हणजे काही आठवेना. तुम्ही उठलात, लोकांसमोर वाकलात आणि आत निघून गेलात. त्यानंतर समोर पुस्तक ठेवल्याशिवाय तुम्ही कधी वाजवलं नाहीत. एकट्याने वाजवणाऱ्याने सगळं तोंडपाठ, पुस्तकाशिवाय वाजवायचं अशी तिकडे रीत. आमंत्रणं कमी होत गेली आणि तुम्ही अमेरिकेत शिकवायला आलात. हे सगळं तुम्ही हवापाणी सांगावं तसं सांगायचात, आणि लगेच म्हणायचात, ‘पुन्हा, डावा हात.’

तेच पुस्तक एकदा तुम्ही मला दोन आठवड्यांसाठी घरी नेऊ दिलंत. दुसऱ्या कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. पानापानावर पेन्सिलीचे आकडे होते, कुठल्या सुरावर कुठलं बोट ते सांगणारे. कुठे श्वासाची खूण, कुठे एखाद्या शहराचं नाव, कुठे जर्मनमध्ये स्वतःलाच दिलेली तंबी. पुण्यात वर्ष संपलं की आम्ही पुस्तकांतली पेन्सिलीची उत्तरं खोडायचो, नवं कव्हर घालायचो आणि ती चुलतबहिणीला द्यायचो. दुसऱ्याच्या हातात पुस्तक स्वच्छ द्यावं, एवढे संस्कार माझ्यावर पक्के होते. एक अख्खा शनिवार बसून मी सगळं खोडलं. जिथे तुम्ही दाबून लिहिलं होतं तिथे जरा जास्त जोर लावला. ब्राउन पेपर कुठे मिळतो ते माहीत नव्हतं, म्हणून किराण्याची कागदी पिशवी कापली. आई बाहेरून आली तेव्हा टेबलभर खोडरबराचा चुरा होता. ‘होमवर्क झालं वाटतं,’ ती म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं आणि चुरा गोळा केला.

दोन आठवड्यांनी पियानोपाशी तुम्ही पुस्तक उघडता. एक पान, दुसरं, मग एकदम शेवटचं. ‘हे कोणी केलं?’ तुम्ही विचारता, आवाज न चढवता. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला कळतं, आणि मी म्हणते, ‘माय मॉम डिड.’ आई दारात उभी आहे, माझा कोट हातात धरून. ती आधी माझ्याकडे बघते, मग तुमच्याकडे. ‘सॉरी मॅडम. इन इंडिया वी क्लीन द बुक्स.’ तुम्ही तिला सांगता की यापुढे या खोलीत येऊ नका. गाडीत आई एवढंच म्हणाली, ‘सीटबेल्ट लाव.’

पुढची आठ वर्षं ती बाहेर गाडीत बसून राहिली, बर्फात हीटर लावून आणि उन्हात काचा खाली करून. माझ्यावर तुम्ही रागावला नाहीत. माझ्या लहान हाताला जमतील असे नवे आकडे दुसऱ्या पुस्तकात घातलेत, आणि ते मला विचारून, बोटागणिक. पण दर वसंतात आमच्या कार्यक्रमाच्या शेवटी तुम्ही वाजवायचात तो सोनाटा त्यानंतर कधी वाजवला नाहीत. का, ते कोणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, आणि मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. याची मला आजही लाज वाटते.

आज पुस्तक नीट पाहिलं. पहिल्या दोन पानांवर आणि तिसऱ्याच्या पाच ओळींवर तुम्ही आकडे पुन्हा लिहिले आहेत, उतारवयातल्या थरथरत्या हाताने. पुढे सगळं कोरं आहे. पिशवीचं कव्हर मात्र तुम्ही काढलेलं नाही.

आई आता माझ्याकडे, मॉरिसव्हिलला असते. सकाळी तिने पुस्तक उलटसुलट करून बघितलं. ‘अगं, कव्हर अजून तसंच? छान घातलं होतंस हं,’ असं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

ते मी खोडलं होतं, बाई, आईने नाही. तुम्हाला हे सांगायला काहीच जड गेलं नाही, कारण तुम्ही नाही आहात. आई इथून दहा पावलांवर चहा गाळते आहे, आणि तिला ‘चुकलं माझं’ म्हणायला मी अजून उठलेले नाही.