पेटीतली घोंगडी

आबा, परवा मी डॉक्टरांशी खोटं बोलले. समोरासमोर, नाकात ऑक्सिजनची नळी असताना. त्यांनी विचारलं, "घरात लोकरीचं काही आहे का? जुनी ब्लँकेटं, घोंगडी, गालिचा?" आणि मी मान हलवून नाही म्हणाले. शेजारी माझी मुलगी उभी होती. तीही म्हणाली, "नाही सर, आमच्याकडे सगळं सुतीच." तिला बिचारीला खरंच माहीत नाही. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत माझ्या लग्नातल्या साड्या आहेत असं तिला वाटतं, आणि मीच तसं वाटू दिलंय. काल घरी सोडलं, पण उद्या सकाळी दहाला पुन्हा डॉक्टरांपुढे बसायचंय, तोच प्रश्न पुन्हा येणार आहे, आणि काय सांगायचं ते माझं अजून ठरत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे एक बरं आहे.

सोमवारी तुमची तिथी होती. दरवर्षी त्या दिवशी मी कारखान्यात रजा टाकते आणि मुलगी कामावर गेली की पेटी उघडते. तुम्ही विणलेली ती बारकी घोंगडी गच्चीवर नेऊन झटकते, घटकाभर उन्हात टाकते, तिच्याशेजारी बसून चहा पिते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. यंदा झटकली आणि तिथंच खाली बसले. लोक म्हणतात दम्यात श्वास आत जात नाही. खरं तर तो बाहेर पडत नाही, आबा. छाती भरलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. पंप चार वेळा ओढला, मग मोजायचं सोडून दिलं. जिना उतरताना तीनदा बसले. आणि अशा अवस्थेत मी काय केलं असेल? आधी घोंगडी पेटीत कोंबली, कुलूप लावलं, किल्ली चोळीत खोचली, आणि मग शेजारणीचं दार वाजवलं. तुमची लेक किती शहाणी, ते यावरून कळावं. रिक्षात माझी नखं निळी पडली होती आणि शेजारीण ड्रायव्हरवर खेकसत होती, "अरे चल की, सिग्नल काय बघतोस!"

हे डॉक्टर तरुण आहेत, पण माणसाला बसवून नीट समजावतात. आजवर सगळे म्हणत आले, हिची प्रतिकारशक्ती कमी आहे. लहानपणी त्यापायी किती शेळीचं दूध, किती खारीक, किती काढे पोटात गेले ते तुम्हाला माहीत आहे. हे डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती नको तिथं जोर करते." मग त्यांनी कागदावर एक नळी काढली. म्हणाले, शरीर एखाद्या साध्या गोष्टीला शत्रू समजून बसतं, धुळीला, लोकरीतल्या बारीक किड्यांना, जनावराच्या कातडीच्या कोंड्याला. तिच्याविरुद्ध ते एक खास प्रतिपिंड बनवतं आणि श्वासनळीतल्या पेशींवर ते चिकटवून ठेवतं. पुन्हा ती गोष्ट आत आली की त्या पेशी फुटल्यासारख्या सगळा दारूगोळा बाहेर टाकतात. नळी आवळते, सुजते, चिकट कफाचे बोळे अडकतात. तेवढ्यावर थांबत नाही. रक्तातल्या आणखी पेशींना सांगावा जातो, त्यांचं नाव इओसिनोफिल, आणि त्या येऊन नळीच्या भिंतीत मुक्कामच ठोकतात. वर्षानुवर्षं असं चाललं की भिंतच जाड होते. मी म्हणाले, "म्हणजे राखणीचं कुत्रं आपल्याच कोकरांवर सुटलं म्हणा की." ते हसले, म्हणाले, "अगदी तसंच. आणि लांडगा कधी आलाच नव्हता."

आता दर महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं आहे. ते हा सांगावाच अडवतं म्हणे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझी हाडं ठिसूळ केलीत, गेल्या वर्षी नुसती बादली उचलताना मनगट मोडलं, त्यामुळे गोळ्या आता वाढवता येत नाहीत. पण इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळायला हवं की हे कशानं भडकतंय. रिपोर्टात लोकर आणि धूळकिडे, दोन्हींपुढे आकडे चढलेले. मी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात बसते, तिथं सगळीकडे कापसाचा तंतू उडत असतो. सगळ्यांनी त्याच्यावरच बोट ठेवलं आणि मी ठेवू दिलं. मुलगी माझा राजीनामा लिहून तयार ठेवून बसलीये. डॉक्टर मात्र रिपोर्टवर पेन आपटत म्हणाले, "कापसानं हे आकडे येत नाहीत. घरी नीट बघा. असा अटॅक पुन्हा आला तर हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही." मुलगी रडायला लागली आणि मी छताकडे बघत राहिले.

कारण लोकर म्हटलं की तुम्ही आलात, आबा. आपल्या केम गावच्या त्या घरात मी सात-आठ वर्षांची आहे, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि तुम्ही मला मांडीवर घेऊन घोंगडीत गुंडाळताय. कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर साठवून तुम्ही ती माझ्यासाठी मुद्दाम विणली होती, माझ्याच मापाची. विणताना लोकरीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास मला अजून येतो. आई म्हणते, "अवं, घामाघूम झालीया ती." तुम्ही म्हणता, "होऊ दे की. ऊब लागली म्हंजी दम मोडतोय. दार लाव ते." दार बंद, खिडकी बंद, डोक्यावरून घोंगडी, आणि घोंगडीच्या आत मी. श्वास मिळत नव्हता, पण तुमचा हात पाठीवर होता. पोराला सर्दी झाली, दम लागला, की घोंगडीत घ्यायचं. आपल्यात सगळे हेच करायचे, तुम्हीही केलंत.

मग तो कुर्डुवाडीचा दिवस. पॅसेंजरनं तुम्ही मला तिथल्या डॉक्टरांकडे नेलंत. तपासून झाल्यावर मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आतून तुमचा आवाज चढलेला ऐकू आला, "आमची मेंढरं पोरीच्या जिवावर उठली म्हंतासा व्हय? शिकल्यालं मानूस तुमी, आन् असं बोलतासा?" मी एवढंच ऐकलं. दहा वर्षांच्या पोरीनं त्यातून काय काढायचं? मी काढलं की मेंढरं आणि मी यांच्यात भांडण लागलंय आणि तुम्ही मेंढरांच्या बाजूचे आहात. येताना गाडीत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

त्यानंतर तुम्ही बदललात. मेंढरं गावाबाहेर शेतात नेलीत, घोंगडी विणायचा मागही तिकडेच. घरातली सगळी घोंगडी गोळा करून नेलीत. माझी सापडेना, तेव्हा विचारलंत, "ती बारकी कुटं हाय गं?" मी म्हणाले, "मावशीनं न्हेली." माझं पहिलं खोटं तेच, आणि घोंगडी तेव्हा रिकाम्या कणगीच्या तळाला होती. तुम्ही विहिरीवर आंघोळ करून यायला लागलात, जेवणाचं ताट बाहेर ओट्यावर घ्यायला लागलात. एकदा तुम्ही शेतातून थेट आलात, खांद्यावर कोकरू होतं, आणि मी तुमच्याकडे धावत सुटले. तुम्ही हात आडवा करून ओरडलात, "लांब हो! हितं येऊ नगंस, लांब हो म्हंतो न्हवं!" चार माणसं ओट्यावर बसलेली होती. माझा असा अपमान कुणी केला नव्हता. मी आत गेले, कणगीतून घोंगडी काढली, वाकळेच्या आत सरकवली आणि तिच्यात तोंड खुपसून रडले. त्या दिवसापासून रोज. शाळेतून आले की वाकळेवर पडायचं आणि तुमचा वास घ्यायचा. तुम्ही जवळ येत नव्हता, तर मी तुम्हाला असं जवळ ठेवलं.

दम थांबायचं काही कारणच नव्हतं. तो वाढला. वर्षाच्या आत मेंढरं विकली गेली आणि तुम्ही रेल्वेच्या गँगवर कामाला लागलात. उन्हात खडी उपसायला लागलात. ज्यांच्या मागं उभा जन्म गेला ती मेंढरं दुसऱ्याच्या रानात चरताना दिसली की तुम्ही मान फिरवायचात. पुढे आई एकदा म्हणाली होती, "तुज्यापायी इकली मेंढरं त्यांनी, ठावं हाय का?" मला तो टोमणा वाटला. माझ्या दवाखान्याच्या खेपांत कळपाकडे बघायला माणूस उरलं नाही, असं तिला म्हणायचं असेल, असं मी धरून चालले. मेंढरं गेल्यावर तुम्ही एक दिवस ओट्यावरून आत आलात आणि येऊन माझ्या शेजारी बसलात. इतक्या दिवसांनी. मी उठून आत निघून गेले. त्यानंतर तुम्ही कधी तसे बसला नाहीत. मीही कधी बोलावलं नाही.

परवा डॉक्टर मुलीला घरातले नियम सांगत होते. पांघरुणं गरम पाण्यात धुवायची, पेट्या-गाठोडी रिकामी करायची. आणि मग सहज म्हणाले, "घरात कुणी जनावरांत काम करत असेल, तर त्यांनी आंघोळ करून, कपडे बदलून मगच पेशंटजवळ यायचं. अंगावरून, कपड्यांवरून सगळं आत येतं." मुलगी म्हणाली, आमच्याकडे तसं कुणी नाही. आणि मला विहीर दिसली, आबा. ओट्यावरचं ताट दिसलं. आडवा केलेला हात दिसला. त्या कुर्डुवाडीच्या डॉक्टरवर तुम्ही एवढे ओरडलात, आणि घरी येऊन त्याचा शब्द न् शब्द पाळलात. मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. एक वाक्य सांगायला काय झालं होतं? राग येतो मला तुमचा, अजूनही येतो. पण तुम्ही एवढं सगळं करत होता आणि मी रोज दुपारी ते पुसून टाकत होते. तुमची मेंढरं माझ्या दम्यानं गेली नाहीत. वाकळेत मी जे लपवलं, त्यानं गेली. सगळं करून झालं, तरी पोर घुसमटतेच, असं बघत तुम्ही कळपाचा शेवटचा तुकडा विकला असेल.

उद्या लोकर म्हणून सांगितलं की हे सगळं सांगणं आलं. आणि सांगितलं नाही, तर इंजेक्शन घेऊनही पेटी पलंगाखालीच राहणार, माझ्या उशीपासून हातभर अंतरावर. मरायची भीती वाटत नाही असं नाही. सोमवारी जिन्यात फार वाटली. मुलीनं तिकडे भाकरी टाकायला घेतलीये, वास येतोय. तिला हाक मारायची आणि किल्ली तिच्या हातात द्यायची, एवढंच काम आहे. बाकी ती करेल, ती तुमच्यावर गेलीये. दोनदा तोंड उघडलं. एकदा तिनं विचारलंही, "काय गं आई, दम लागतोय का?" मी नाही म्हणाले. ते मात्र खरं होतं.

आबा, ओट्यावरून एकदा ओरडा की. लांब हो म्हणा. या वेळी ऐकेन बहुतेक. किल्ली अजून माझ्या मुठीतच आहे.