मळलेल्या इंजिनाची धुलाई

आदरणीय मेहुणेसाहेब यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (नुसतं "माझा नमस्कार" लिहिलं असतं तर तुम्ही पाकीट तिथल्या तिथे ग्रीस पुसायला घेतलं असतंत. बहिणीच्या नावाने निदान चार ओळी तरी वाचाल.) इकडे सगळे ठीक. वहिनींची कंबर, तुमचं पित्त आणि गॅरेजच्या दारातला तो माझ्यावरच भुंकणारा कुत्रा, तिघांच्याही प्रकृतीला आराम असावा. फोनच केला असता, पण गेल्या आठ महिन्यांत आपण दोनदा फोनवर आलो आणि आधी हॅलो कोणी म्हणायचं याची वाट बघत दोघांनीही ठेवून दिला. पत्रात ती पंचाईत नाही. पत्रास कारण गाडी.

तीच, जी तुम्ही दहा ठिकाणी फिरून, खाली झोपून, वास घेऊन आम्हाला निवडून दिलीत. महिन्यापूर्वी ती सिग्नलला उभी राहिली की आचके द्यायला लागली, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. लागला तो लागलाच. शहाण्या माणसाने तुम्हाला कळवलं असतं. पण आठ महिन्यांपूर्वी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, तुम्ही म्हणाला होतात की लाँड्रीवाल्याने आपल्या साबणात राहावं, इंजिन म्हणजे सदरा नव्हे. (त्यावर मी तुमच्या नखांबद्दल जे बोललो ते बोलायला नको होतं. नखं काळी आहेत हे खरं, पण ताट समोर असताना तरी नको होतं.) तेव्हा म्हटलं, बावीस वर्षं लोकांचे कपडे स्वच्छ करणाऱ्याला तेलाचा डाग कोणी शिकवू नये. मोबाइलवर एका गृहस्थाचे तीन व्हिडिओ पाहिले. त्याचं म्हणणं एवढंच, की इंजिनात जागोजागी सेन्सर असतात, हवा किती आली, ताप किती चढला हे ते इंजिनाला सांगतात, आणि त्यांच्यावर काजळी बसली की ते काहीतरी भलतंच सांगायला लागतात. मी मांडीवर थाप मारली. म्हणजे गाडी बिघडलेली नव्हतीच, मळली होती!

घाईही होती. आईंचं (म्हणजे तुमच्याच आईंचं, पण आता तीन वर्षं आमच्याकडे आहेत म्हणून मी हक्काने आई म्हणतो) मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललंय. आता येत्या गुरुवारची तारीख आहे. त्या रोज सकाळी मला खिडकीचा पडदा समजून बाजूला सारतात, यावरून डोळ्यांची कल्पना यावी. ही तारीख चुकवू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय. टॅक्सी मिळते, नाही असं नाही, पण टॅक्सीची सीटकव्हरं मी पाहिलेली आहेत, आणि ऑपरेशन झालेला डोळा त्यांच्या आसपास नेणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तर एका रविवारी बॅटरीची वायर काढून (एवढं मलाही कळतं) मी कामाला लागलो. आधी एअर फिल्टर बाहेर काढला. कागदी, चुण्याचुण्यांचा, आणि इतका कळकट की माझा जीव कळवळला. कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतला, सावलीत वाळवला, आणि चुण्या मोडू नयेत म्हणून त्याला माफक स्टार्च केला. मेहुणेसाहेब, काय दिसत होता! लग्नात घालावा असा दिसत होता. पुढे कळलं की त्यातून आता माशीचा श्वाससुद्धा जाणार नाही, आणि कागदी फिल्टर धुवायचाच नसतो, सरळ नवा घालायचा. व्हिडिओवाल्याने हे चौथ्या भागात सांगितलं होतं.

मग सेन्सर. धुराच्या नळीतला सेन्सर निघता निघेना, त्यात माझ्या दोन बोटांची सालटी गेली आणि तोंडातून असे शब्द गेले की तुमची बहीण खिडक्या लावून आली. सगळे सेन्सर काढून दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडले, आणि अदलाबदल नको म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला कापडी चिठ्ठी बांधून नंबर टाकला. इथेच घात झाला. आमचे इस्त्रीवाले काका नंबर बघतात, वस्तू बघत नाहीत. सोमवारी त्यांनी नंबर तीनचा सेन्सर नंबर तीनच्या गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात घडी करून टाकला (घडी कशी केली ते त्यांनाच ठाऊक), आणि ते गिऱ्हाईक निघालं दातांचे डॉक्टर. माझा फोन जाईपर्यंत तो त्यांच्या ॲप्रनच्या खिशातून निघून हत्यारांच्या ट्रेमध्ये जाऊन बसला होता. खुर्चीवरच्या बाईंनी तो पाहिला, आणि तोंडात कापूस असतानाच चप्पल न घालता त्या जिना उतरल्या म्हणे. डॉक्टरांनी सेन्सर परत दिला. कपडे मात्र आता दुसरीकडे टाकतात.

राहिला हवा मोजणारा सेन्सर. त्याच्यावर खास फवारा मारायचा आणि वाळू द्यायचा, हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. पण भिंगातून बघतो तर आत केसाएवढा एक धागा लोंबतोय! आता धागा दिसला की कापायचा, हा आमच्या धंद्याचा हात. कात्री उचललीसुद्धा होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आईंनी विचारलं, की अहो, तुम्ही माझ्या मुलाला विचारलंत का? आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधल्यासारख्या बसल्या होत्या, त्यांना कात्री दिसली असणं शक्यच नाही. पण माझा हात थांबला. मग व्हिडिओ पुन्हा लावला, तर तो धागा म्हणजेच सेन्सर. बाकी सगळं त्याचं घर. खरं सांगतो, त्या क्षणी तुमची फार आठवण आली.

असो. नवा फिल्टर आणला, सगळं पुसून, वाळवून जागच्या जागी बसवलं, चिठ्ठ्या काढल्या, बॅटरी जोडली. आणि आजची परिस्थिती अशी, की चावी फिरवली की स्टार्टर नुसता घरघरतो आणि इंजिन ढिम्म. मी हरलो. इंजिन म्हणजे सदरा नव्हे, हे तुमचं म्हणणं मी इथे सहीनिशी मान्य करतो.

कळावे. आठ महिन्यांपूर्वी होता त्यातला थोडा लोभ कुठे शिल्लक असेल तर तोच चालेल, नवा नको.

आपला,
साबणात राहणारा

ता. क. बुधवारी येऊन गाडीवर एक नजर टाकलीत तर गुरुवारचं निभेल. तुम्ही माझ्यासाठी आलात असं मी कोणालाही सांगणार नाही. गाडीसाठी आलात असंच सांगेन.

ता. क. २. आई म्हणतात, पट्टी सोडल्यावर समोर मुलगा नसेल तर मी डोळा उघडून बघू कोणाला, त्यापेक्षा तारीख पुढे ढकला. आधी दोनदा ढकलली तीही याच कारणाने, हे मला परवाच कळलं.

ता. क. ३. दादा, अक्षर ओळखलंस ना? पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलंय म्हणून घाईघाईत लिहितेय. गाडी परवाच सुरू झाली. पहिल्या चावीला. आई आणि मी मागे बसून बाजारापर्यंत जाऊन आलो, एक आचका नाही, दिवाही गेला. यांचं नुसतं शिट्टी वाजवायचं बाकी होतं. घरी आल्यावर मात्र उतरले, बॉनेट उघडलं, आणि एक सेन्सर आपल्या हाताने काढून शर्टाच्या खिशात घातला. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, गाडी चालतेय म्हटल्यावर तो कशाला येईल?

तेव्हा तू ये. मी सांगितलंय हे दाखवू नकोस. बॉनेट उघड, जरा डोकं खाजव, आणि म्हण, काम अवघड आहे, चार दिवस राहावं लागेल.