सवतीच्या पूजेला अंजनाक्का

जळगाव, खंडेनवमी, संध्याकाळ

काय पाहिलं आज! डाळ मिलमध्ये डाळ निवडणारं यंत्र आलं, निवडणाऱ्या बायकांचं काम गेलं. तरी पूजेचा मान त्यांच्यातल्या थोरल्या अंजनाक्कांनाच. त्यांनी यंत्राला कुंकू लावलं, पण नारळ हातातच धरून ठेवला.

"शेठ, ही आमनी सवत शे. दुसरी आनी म्हनीसन पहिलीनं जेवन बंद करतस का?"

शेठ शास्त्रार्थात हरलेल्या पंडितासारखे मुहूर्ताचं घड्याळ पाहू लागले. मग म्हणाले, "अक्का, नारळ फोडा. नंतर बोलू."

"आते बोला."

मुहूर्त टळू लागला. शेवटी सर्वांदेखत शेठ कबूल झाले: सगळ्याजणींना निम्मी मजुरी दरमहा, घरबसल्या. तेव्हा कुठे नारळ फुटला! शब्द पाळतील का? पाळतील, देवासमोर दिलाय.

आमच्या कचेरीतही बातम्या लिहिणारं यंत्र येतंय. संपादकांनी पूजेला मलाच बसवावं.