शेफालीच्या पंपाविषयी जावईबापूंस

श्री. रा. रा. जावईबापू अभिषेकराव यांस विंझरहून रखमाजीचा नमस्कार.

आपली, दिपालीची आणि आपल्या मोटारसायकलीची प्रकृती बरी असेल (गेल्या खेपेस ती कापूरहोळला बसली होती) असे धरून चालतो. इकडे शेळ्या, मी आणि सुट्टीला आलेली आपली शेफाली, सगळे ठणठणीत. हे पत्र फोनवर आटोपले असते. पण तिच्या कमरेचा तो इन्सुलिनचा पंप मोबाईलशी बोलतो म्हणे. तेव्हा आपले बोलणे तो कोणाच्या कानी घालील याचा भरवसा नाही. म्हणून कागद.

पोर सात वर्षांची असताना साखरेचा आजार निघाला. आपण दोघे कामावर, म्हणून ती नऊ वर्षे माझ्याकडे राहिली आणि तिची सुई माझ्या हाती. (जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षे काढली, मी टोचलेले म्हशीलाही कळत नसे.) दिवसातून चार वेळा टोचले, पण डॉक्टरांना न विचारता अर्धा युनिट इकडचा तिकडे केला नाही. ती अकरावीला भोरला आपल्याकडे काय आली, आपण पंप बसवलात! सुट्टीला आली त्या दिवशी मी हात धुऊन टोचायला बसलो, तर म्हणते, "आबा, आता हे आपोआप हुतं." दंडावरची चकती साखर मोजते, पंपाला सांगते आणि तो स्वतःच्या मनाने औषध कमी-जास्त करतो. जेवताना मात्र किती खाल्ले ते त्याला सांगावे लागते. (म्हणजे शहाणा तो, आणि भाकऱ्या मोजायच्या आपण.) दोन दिवस मी पाळत ठेवली. मी बघतो तोवर गप्प. पाठ फिरवली की गुरगुरतो. हे काही सरळ लक्षण नव्हे.

मग माझ्या ध्यानात आले की याला हुकूम पुण्याहून येत असणार, आणि आमच्याकडे रेंज कुठली? ती मिळते फक्त भैरवनाथाच्या देवळावरच्या कातळावर. पोर बिनहुकमाची राहू नये म्हणून दोन्ही वेळा जेवण झाले की मी तिला कातळावर नेऊन बसवू लागलो. काय सांगू, वर पोचलो की साखर उतरलेली! माझा संशय पक्का झाला. तिसऱ्या दिवशी तर वर जाताच यंत्र गुरगुरले, आकडा अडुसष्ट. पोर घामाघूम. तिने खाली बसून ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, यंत्राने औषध आधीच बंद केले होते. जरा हुशारी आल्यावर म्हणाली, "आबा, ह्याला रेंज लागत न्हाई. डोंगर चढल्यावर साखर उतरतीच की." मग तीन दिवस गप का बसलीस, असे विचारले. "मैत्रिणींशी बोलायला लागती ना रेंज!"

तरीही संशय आहे तो आहेच. ज्याला कधी भूक लागली नाही, त्याला पोरीची काळजी कुठून असणार? सबब यंत्र परत करून सुई पुन्हा चालू करावी, ही विनंती.

आपला,
रखमाजी

ता. क. यंत्र परत करण्याची घाई करू नये. आज पोर आठपर्यंत झोपली. नऊ वर्षे मी तिला भल्या पहाटे उठवून बोट टोचत आलो. इतकी गाढ झोपलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. दोनदा जाऊन पाहिली.

ता. क. दुसरा. त्या पंपाची नळी दर तिसऱ्या दिवशी नव्या जागी टोचावी लागते, हे आपण मला सांगितले नव्हते. ते काही त्याला आपोआप जमत नाही. पोटाला जागा उरली नाही, पाठीकडे तिचा हात पोचेना, म्हणून काल मला म्हणाली, "आबा, तुमी लावा." लावली. थोड्या वेळाने म्हणते, "टोचा की आता!"

तर शेफाली भोरला परतल्यावर दर तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने येईन म्हणतो. लेकीच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचे नाही, हा आमच्या आईचा दंडक मी आजवर पाळला. आता चहा घेईन. जेवायलाही थांबेन.