कळलावीचा उन्हाळा

आई, आज गॅलरीतली कळलावी फुलली. लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वर वळवून, कुणावर तरी चिडल्यासारखी. तुझी आठवण यायला आणखी काय हवं?

कुरखेड्याच्या शाळेत तुझी बदली झाली, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि राजुऱ्याकडचं आजोबांचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं होतं. बांधावरच्या कुंपणातून तू कळलावीचा एक कंद उकरून आणलास. त्या शेतातलं आपल्याकडे तेवढंच उरलं होतं. बसमध्ये तू त्याला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलंस आणि मी शेजारी उभी.

क्वार्टरच्या अंगणात नुसता मुरूम. शेजारणींचे गुलाब त्यात माना टाकत, कळलावी मात्र खूश. पावसाळ्यात पानांच्या टोकांनी कुंपण धरत धरत वर चढायची, फुलायची आणि हिवाळ्यापर्यंत वाळून मातीत गडप व्हायची. मग पुढच्या पावसापर्यंत तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. कंद कोरड्यात झोपतो, ओला राहिला की सडतो, हे तू माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतंस. तो विषारी आहे, हेही.

पण कुरखेड्यात बोरिंगवरून पाणी भरून परतणारी बाई डोक्यावरच्या पितळी गुंडातलं थोडं पाणी वाटेतल्या झाडाला घातल्याशिवाय पुढे जात नसे. उन्हाळ्यात तर ते पुण्याचं काम, आणि आपलं अंगण नेमकं वाटेवर.

"अवो बाई, एवढ्या शिकलेल्या तुमी, अन् झाडाले पाणी काऊन नाई देत? मरून राह्यलं ना ते!" शेजारची काकू म्हणायची.

"मरून नाई, झोपून राह्यलं. तुमच्या अंगावर झोपेत कोनी गुंडभर पाणी टाकलं त चालन का?"

"या उन्हात? धावन!"

तू त्या जागेवर घमेलं उपडं घातलंस. काकूने ते उचललं, पाणी घातलं आणि घमेलं परत होतं तसं ठेवलं, इतकी नीटनेटकी. मग तू वर्गातल्या आवाजात ओरडू लागलीस. पाणी दिलं म्हणून भांडणारी तालुक्यातली तू एकटीच बाई असशील. बाईंच्या डोक्यात ऊन चढलं, असं बोरिंगवर ठरून गेलं. मला फार लाज वाटायची.

एका मे महिन्यात तुला मलेरिया झाला. गडचिरोलीच्या दवाखान्यातून परतलो, तर साऱ्याजणी दारात उभ्या. भांडणं विसरून त्यांनी आपलं घर सांभाळलं होतं. काकू म्हणाली, "बाई, तुमच्या झाडाले रोज सकाळ-संध्याकाळ पाणी टाकलं. एक दिवस खाडा नाई केला."

तिथे चिखल झाला होता. आता तुझा स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. तू म्हणालीस, "लय चांगलं केलं. चाय घेऊनच जा सगळ्या."

त्या गेल्यावर तू चिखलात हात घातलास. कंद अर्ध्याहून जास्त बुळबुळीत झाला होता. तू तिथेच बसून रडलीस. आजोबा गेले तेव्हाही तू अशी रडली नव्हतीस. मग सडका भाग कापून टाकलास, बोटभर उरलेल्या तुकड्याला चुलीतली राख लावलीस आणि तो स्वयंपाकघरातल्या शिंक्यात ठेवलास. दह्याची रवानगी खाली फळीवर झाली.

त्या पावसाळ्यात नुसती पानं आली, फुलं पुढच्या वर्षी. साऱ्याजणी बघायला आल्या. "आमी पाणी टाकलं म्हून जगलं, नाई त गेलंच होतं," काकू म्हणाली. तू म्हणालीस, "हो ना बाई." ते तू कसं गिळलंस, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी तू नागपूरला माझ्याकडे होतीस आणि बरंच काही विसरली होतीस. एप्रिलमध्ये गॅलरीतली कळलावीची वाळलेली कुंडी बघून तू हळहळलीस आणि तांब्या ओतलास. मग ते रोजचंच झालं. तुला थांबवायचं माझ्या जिवावर आलं. पाणी घातल्यावर तुझा चेहरा इतका निवांत व्हायचा की मी पुन्हा तांब्या भरून द्यायची.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. कंद मी पहिल्याच दिवशी काढून कपाटावर ठेवला होता. आई, तू सारा उन्हाळा नुसत्या मातीला पाणी घालत होतीस.